चावडीवरची गेरूची रेघ

मॅडम, परवा अमरावतीला तुमच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलं, आणि मी सांगून टाकलं की तुम्ही बिनसाखरेचा चहा प्यायच्या. एवढंच बोललो आणि खाली बसलो. सभागृहात शेपाचशे माणसं असतील. तुमचे विद्यार्थी, प्राध्यापक, पेपरवाले. सगळे पुढच्या वाक्याची वाट पाहत होते आणि मी चष्मा पुसत होतो. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "आपण मॅडमचे कोण?" मला तेही सांगता येईना. निवृत्त पटवारी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

तुमच्या फोटोखाली मोठा फलक लावला होता. त्यावर लिहिलं होतं, 'आपत्तीची रेघ पाणी ओढत नाही, सत्ता ओढते.' जो उठला तो हेच वाक्य म्हणून बसला. नैसर्गिक आपत्तीच्या राजकारणावर तुम्ही तीसेक वर्षं काम केलंत, आणि त्याची सुरुवात आमच्या नदीकाठच्या गावातल्या चावडीच्या भिंतीवर झाली, असं एका तरुण प्राध्यापकानं फार छान सांगितलं. त्या भिंतीवर पुराची खूण म्हणून गेरूची रेघ होती, ती खऱ्या पाण्याच्या बरीच वर होती, आणि ती वर कोणी नेली हे गावातल्या सत्तेला विचारा, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवतात का, मला माहीत नाही. मी वाजवल्या नाहीत.

मॅडम, ती रेघ मी ओढली होती.

बघा, किती सोपं वाक्य आहे. तीस वर्षांत तुमच्यासमोर हे तोंडातून निघालं नाही. आता तुम्ही नाही आणि मी अकोल्याच्या घरी ओट्यावर वही घेऊन बसलोय, तर कसं भराभर उतरतंय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तुम्ही पहिल्यांदा गावात आलात ते पुरानंतर चार महिन्यांनी, दिवाळी होऊन गेल्यावर. अकोटहून एसटीनं फाट्यावर उतरलात आणि तिथून काळ्या मातीतून चालत आलात. चपला हातात होत्या. चावडीत येऊन म्हणालात, मी राज्यशास्त्रात संशोधन करते, मला पुराबद्दल विचारायचंय. मी मनात म्हटलं, आता राज्यशास्त्रात पूर कुठून आला? पुढं तुम्हीच सांगितलंत की तुमच्या कॉलेजातले ज्येष्ठही हेच विचारून हसले होते. राजकारण म्हणजे निवडणूक, पूर म्हणजे पाऊस, पोरीनं विषय बदलावा. तुम्ही बदलला नाहीत.

त्या दिवशी तुम्ही शेवंताबाईच्या घरी उतरलात. घर कसलं, भाजीपाला पिकवून विकणाऱ्या त्या माळी कुटुंबाचं खालच्या गल्लीतलं घर पुरात बसलं होतं, आणि चार बांबूंवर ताडपत्री टाकून ती बाई सासूला घेऊन राहत होती. तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, "बाई, चा घे, पन आमचं पानी खारं हाये. आदीच सांगतो." आमच्या पट्ट्यातलं विहिरीचं पाणी खारट, त्यात साखर घातली की चव अजून विचित्र लागते. तुम्ही म्हणालात, मग बिनसाखरेचाच द्या. तेव्हापासून तुम्ही बिनसाखरेचा चहा प्यायला लागलात. परवा मला हे सगळं सांगायचं होतं. निम्मंच बाहेर आलं.

आणि तिथंच, तो चहा पिताना, शेवंताबाई माझ्यादेखत तुम्हाला म्हणाली, "वरच्या गल्लीत पान्याचा थेंब नाई गेला, बाई. पन पत्रे त्याइलेच आदी भेटले. आमाले म्हनलं, सरले." मी आढ्याकडं बघत होतो. आढं नव्हतंच, ताडपत्री होती.

तर काय झालं होतं ते आता नीट सांगतो. पटवाऱ्याला लेखी सांगायची सवय असते, तोंडी त्याची बोबडी वळते.

आमच्या गावात पूर ओसरला की कोतवालानं चावडीच्या भिंतीवर पाण्याच्या उंचीची गेरूनं रेघ मारायची, ही जुनी रीत. किसना कोतवालानं त्या वर्षीही मारली होती. पूर आला त्या दिवशी मी गावात नव्हतो. अकोल्याला साळीच्या, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला गेलो होतो, रजा न टाकता. रस्ता बंद झाला, तिसऱ्या दिवशी पोचलो. किसनाची रेघ लांबूनच पाहिली, मोजून ठेवायची राहिली. मग कळलं मंत्री येणार. सरपंचांनी सगळ्या चावडीला चुना मारून घेतला. रेघ चुन्याखाली गेली. मंत्री फाट्यावरूनच हात जोडून गेले, चावडीपर्यंत आलेच नाहीत. आणि त्याच संध्याकाळी तालुक्याहून निरोप आला, उद्या पाहणी पथक येतंय, भिंतीवरची पुराची खूण दाखवा.

किसना कागद घेऊन अकोटला निघाला होता. मी त्याला फाट्यावर गाठून विचारलं, पाणी कुठवर होतं रे? तो एसटीच्या पायरीवरून ओरडला, "छातीवरी होतं साहेब, छातीवरी!" मी परत आलो, गेरू कालवला, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि छातीशी बोट ठेवून रेघ ओढली. माझ्या छातीशी.

मॅडम, किसना माझ्या खांद्यालाही लागत नव्हता.

सकाळी आठ वाजता तो आला, भिंतीपाशी उभा राहिला. रेघ त्याच्या हनुवटीच्याही वर गेली होती. म्हणाला, "साहेब, एवढं पानी असतं तं मी मेलो असतो नं! तुमी कोनाची छाती धरली?" आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. तेवढ्यात सरपंच आले. त्यांचं घर वरच्या गल्लीत. त्यांनी रेघेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "बराबर हाये पटवारी. एवढंच होतं." किसना भिंतीपासून बाजूला सरला. मी मान हलवली. दहा वाजता पथक आलं. गवंड्याची पाण्याची नळी त्यांनी रेघेला लावली आणि गल्लोगल्ली फिरवली. त्या पातळीच्या खाली जे घर, ते यादीत. वरची अख्खी गल्ली यादीत बसली. पत्र्यांचा ट्रक आला तो वरच्या गल्लीत थांबला, कारण पक्का रस्ता तिथवरच होता. खालच्या गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत पत्रे संपले. शेवंताबाईला पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मिळाले. तिची सासू पौषात गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

तुम्ही नेमक्या त्या रेघेला हात घातलात. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन चावडीत आलात. रेघ मोजलीत, घरांच्या भिंतींवरचे ओलीचे डाग मोजलेत, आणि मग मला म्हणालात, "पटवारी भाऊ, भिंतीला टेकून उभे राहा जरा. टेपचं टोक छातीशी धरा." मी धरलं. मग किसनाला उभं केलंत. त्यानंही धरलं. मला वाटलं, बाईंना मदतीला माणूस हवाय. मी चांगला ताठ उभा राहिलो होतो, फोटो काढत असाल म्हणून.

मग तुमचं पुस्तक आलं. त्यातलं 'रेघ' हे प्रकरण आलं. तुम्हाला परिषदांना बोलावणी यायला लागली, हसणारे ज्येष्ठ तुमच्या शेजारी बसून फोटो काढायला लागले. पुस्तकात माझं गाव आहे, माझी चावडी आहे, पण मी नाही. 'रेघ कोणी ओढली हे मला समजलं नाही', असं तुम्ही लिहिलंत. वाचून मला हायसं वाटलं. नंतर वाटलं, मी आता कसं सांगू? ही बाई म्हणते सत्तेनं रेघ वर नेली. मी सांगितलं की नाही हो, बुटक्या कोतवालाची छाती आणि उंच पटवाऱ्याची छाती यांच्यात गफलत झाली, तर तिचं काय राहील? लोक म्हणतील, एवढा मोठा सिद्धांत आणि पाया काय, तर येड्या पटवाऱ्याचं बोट.

हे मी तुमच्या काळजीनं गप्प राहिलो की माझ्या नोकरीच्या? तेव्हा मी स्वतःला सांगायचो, तुमच्या. मग मी निवृत्त झालो. नोकरीची भीती संपली. तरी सांगितलं नाही. आता काय समजायचं? मला खरंच कळत नाही, मॅडम. तुमची बातमी आली तेव्हापासून हेच चाललंय. बायको म्हणते, जेवता जेवता भिंतीकडं काय बघता?

आपलं भांडण मात्र काही थांबलं नाही. कुठं काही झालं की तुमचा फोन यायचा. "पटवारी भाऊ, भातकुलीकडं गारपीट झाली. तुमचे लोक पहिले कोणाच्या बांधावर गेले?" मी म्हणायचो, रस्त्यालगतच्या. जीप जाते तिथवर जातात, त्यात कसलं राजकारण? तुम्ही म्हणायच्या, "आणि रस्ता कोणाच्या वावरापर्यंत जातो?" मी चिडायचो. म्हणायचो, मॅडम, काही गोष्टी नुसत्या चुका असतात. माणूस थकतो, विसरतो, चिखल असतो, साहेब ओरडतो. प्रत्येक ठिकाणी कट नसतो. मग तुम्हीही चिडायच्या आणि तुमची विद्यापीठातली भाषा गळून पडायची. "कट कोन म्हनते भाऊ? मी कवा कट म्हनलं? तुमी कावून असे बोलून राह्यले?" एकदा अमरावतीला गिला वडा खाताना आपण इतके जोरात भांडलो की गाडीवाल्यानं दोघांनाही पाणी आणून दिलं. तुम्ही म्हणालात, "चूक एकाच बाजूला कशी झुकते हो दर वेळी? कधी खालच्या गल्लीच्या फायद्याची चूक झालेली पाहिली का तुम्ही?" मी वडा संपवला.

एक कबूल करतो. तुमच्याशी भांडूनच मी थोडा शहाणा झालो. उरलेल्या नोकरीत मी प्रत्येक पंचनामा गावाच्या खालच्या टोकापासून सुरू केला. पायी. साहेब लोक वैतागायचे, सोबतचे शिव्या घालायचे. मी कारण कधी सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, हे कधीपासून सुचलं, आणि मग सगळंच निघालं असतं.

आपली शेवटची भेट. तुम्ही पलंगावर होता, हात काडीसारखे झाले होते, पण डोळे तसेच. तुमचा भाऊ सुधीर चहा ठेवून आत गेला. दुपारची वेळ होती, खिडकीत कूलर घरघरत होता. तुम्ही म्हणालात, "भाऊ, काही सांगायचं राहिलं का?" मॅडम, तोंडात आलं होतं. जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, "तुमची छत्री राहिली माझ्याकडं. मागं अकोल्याला आमच्या घरी विसरलात ती. पुढच्या खेपेला आणतो." तुम्ही हसलात, खोकला येईपर्यंत हसलात. मला वाटलं, बरं झालं, हसल्या तरी.

शोकसभा संपल्यावर सुधीरनं मला बाजूला घेतलं आणि एक कापडी पिशवी दिली. "ताईनं सांगतलं होतं, हे भाऊंनाच द्यायचं." आत एक जुनी वही होती. कव्हरवर आमच्या गावाचं नाव. परतीच्या गाडीत मी बडनेऱ्यापर्यंत ती मांडीवर ठेवली, मूर्तिजापूरपर्यंत उघडायचा विचार केला, आणि उघडली ती घरी येऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी, याच ओट्यावर.

वहीत सगळं आहे. शेवंताबाईचं बोलणं जसंच्या तसं. घरांच्या मापांची पानं. आणि एका पानावर पेन्सिलनं काढलेली दोन माणसं, लहान मुलं काढतात तशी. एक उंच, एक बुटका. बुटक्याच्या छातीशी टिंब, तिथं लिहिलंय, 'ओलीचे डाग इथं.' उंचाच्या छातीशी टिंब, तिथं लिहिलंय, 'रेघ इथं.' उंच माणसाला तुम्ही मिशी काढली आहे. तेव्हा मला मिशी होती.

म्हणजे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी ताठ उभा राहिलो होतो तेव्हाच.

चित्राखाली लिहिलंय, 'भाऊ स्वतः सांगतील. घाई नको.' त्याच्याखाली वेगळ्या शाईत, 'अजून नाही.' त्याखाली पुन्हा पुन्हा तेच, 'अजून नाही.' निळी शाई, काळी शाई, एकदा लाल. आपल्या आठ-दहा भेटी तरी असतील त्या. आणि सगळ्यात खाली, अक्षर हललेलं, ओळ उतरत गेलेली: 'छत्री म्हणाले.'

मॅडम, मला राग आला. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. तुम्हाला माहीत होतं तर विचारलं का नाही? तीस वर्षं माणसाला असं टांगून ठेवतात का? ही माया होती की शिक्षा? आणि तुम्ही, एक आकडा चुकला तर विद्यार्थ्याला अख्खं प्रकरण परत लिहायला लावणाऱ्या तुम्ही, पुस्तकात 'मला समजलं नाही' असं धडधडीत खोटं लिहिलंत. माझ्यासाठी? की मी सांगितल्याशिवाय ते खरं धरायचं नाही, असा तुमचा काही नियम होता? विचारायला जावं तर तुम्ही नाही.

मग ते प्रकरण काढून परत वाचलं. मी समजत होतो की तुम्ही लिहिलंय, सत्तेनं रेघ वर नेली. फलकावर तसं आहे, सगळे तसंच म्हणतात, मीही तेवढंच लक्षात ठेवलं होतं. पुस्तकात तसं नाहीच. पुस्तकात आहे, 'रेघ वर गेली, ती कशीही गेली असेल. ती खाली आणायला कोणालाच जमलं नाही, राजकारण तिथं आहे.' हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं असेल. दर वेळी पहिल्या अर्ध्यातच अडकलो.

म्हणजे भांडण कोण जिंकलं? मी म्हणत होतो, चूक होती. होतीच. आठ वाजेपर्यंत चूकच होती. पण आठ ते दहा मी काय करत होतो? सरपंच 'बराबर हाये' म्हणाले आणि मी मान हलवली. रेघ खाली आणली असती तर त्यांनी विचारलं असतं, पुराच्या दिवशी तुमी कुठी होते पटवारी? तेवढ्यासाठी. साळीच्या साक्षगंधासाठी. एका म्हातारीच्या डोक्यावर मरेपर्यंत ताडपत्री राहिली ती तेवढ्यासाठी. ती थंडीनं गेली, वयानं गेली की माझ्या रेघेनं गेली, हे मला कधीच कळणार नाही. पण 'वय झालं होतं' म्हणण्याचा हक्क मला नव्हता.

तुम्ही मला वाईट माणूस समजत होता का, हेही कळत नाही. समजत असता तर दर दिवाळीला फोन का केला असता? माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला का उभ्या राहिल्या असत्या? आणि नसता समजत, तर ही वही का ठेवली असती? मी ही पानं पुढंमागं करतो आणि दोन्ही खरं वाटतं.

आज सकाळी पेन घेतला आणि 'छत्री म्हणाले'च्या खाली, उरलेल्या जागेत, लिहिलं. आयुष्यभर जसं लिहिलं तसंच लिहिलं. पुराच्या दिवशी मी विनारजा गैरहजर होतो. रेघ मी ओढली, माझ्या छातीच्या मापानं. सकाळी आठ वाजता चूक समजली. पथक दहा वाजता आलं. चुन्याची बादली चावडीच्या कोपऱ्यातच होती, निम्मी भरलेली, कुंचल्यासकट. शेवटी नेहमीचं वाक्य लिहिलं, 'वाचून पाहिलं, बरोबर आहे', आणि सही केली.

पण मॅडम, पंचनाम्याला दोन पंच लागतात. एकाच्या सहीवर तो धरत नाहीत, तुम्हाला तर हे पाठच होतं. किसना जाऊन बरीच वर्षं झाली. सरपंचही नाहीत. त्या वेळचं पाणी पाहिलेलं आणि त्या रेघेबद्दल बोलायचा हक्क असलेलं एकच माणूस उरलंय. माझ्या सहीच्या शेजारी तेवढी जागा कोरी ठेवली आहे. उद्या सकाळच्या अकोट गाडीनं मी शेवंताबाईकडं निघतोय. वही तिला वाचून दाखवणार आहे. ती अंगठा देईल की वही माझ्या तोंडावर फेकेल, माहीत नाही. पिशवीत तुमची छत्रीही घेतली आहे.